परवाना, पगार आणि पेला

सोनपेठ आज परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आहे. सप्टेंबर 1948 पर्यंत ते निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. राजा मुसलमान, कारभार उर्दूत, आणि सरकारी तिजोरी भरणाऱ्या मोठ्या खात्यांतलं एक खातं कोणतं, तर आबकारी! शिंदी, ताडी, मोहाची दारू यांचे मक्ते दिले जायचे. मक्तेदार सरकारात पैसा भरायचा आणि तो रयतेकडून वसूल करायचा. म्हणूनच 1947 मध्ये स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसचा लढा पेटला, तेव्हा जंगल सत्याग्रहाच्या आणि करोडगिरी म्हणजे जकातीच्या नाक्यांवरच्या हल्ल्यांच्या जोडीला शिंदीची झाडं तोडण्याचा कार्यक्रमही निघाला. एक झाड आडवं झालं की निजामाचा महसूल तेवढा घटला. गांधीवाद्यांचा दारूबंदीचा आग्रह आणि राजाच्या तिजोरीवरचा घाव, दोन्ही कामं एकाच कुऱ्हाडीनं झाली.

हे आधी सांगायला हवं, कारण ‘मुसलमानी मुलूख म्हणजे दारू बंद’ असं समीकरण आपल्याकडे सर्रास मांडलं जातं. आखातात नोकरीला निघालेल्या पोराला एजंट तेच सांगतो, नाही तर दुसरं टोक गाठून ‘तिकडं समदं चालतंय, काळजी करू नको’ म्हणतो. दोन्ही गोष्टी अर्धवट आहेत आणि अर्धवट माहितीपायी तिथे नोकरी जाते, क्वचित जीवही जातो. तिथला कायदा समजून घ्यायचा तर तीन प्रश्न विचारायला हवेत: दारू कुणाला, कुठे, आणि कुणाच्या कागदावर?

धर्माची आज्ञा स्पष्ट आहे. कुराणात दारूविषयीची वचनं टप्प्याटप्प्यानं कडक होत जातात. आधी तिच्यात लाभापेक्षा पाप मोठं असल्याचा इशारा येतो, मग नशेत नमाजाला उभं राहू नका अशी ताकीद, आणि शेवटी ती पूर्ण टाळण्याची आज्ञा. पण ही आज्ञा मुसलमानांसाठी. राज्यात राहणाऱ्या ख्रिस्ती-ज्यू प्रजेनं आपल्या वस्तीत, आपल्यापुरती दारू करावी आणि प्यावी, याकडे जुन्या इस्लामी राजवटींनी बहुधा कानाडोळाच केला. आजच्या आखाती देशांतले परवाने याच जुन्या सवलतीचे वंशज आहेत.

या सवलतीचा नमुना पाहायला अरबस्तानात जायलाही नको. आपल्या मराठवाड्यातच खुलताबादला ज्याची कबर आहे, त्या औरंगजेबानं गादीवर आल्यावर दारूबंदी कडक केली. त्या काळी हिंदुस्थानात असलेल्या निकोलाव मनुची या व्हेनिसच्या माणसानं तिचं वर्णन करून ठेवलंय. ख्रिस्त्यांना शहराबाहेर तोफखान्याच्या बाजूला राहायला पाठवलं. वैद्य आणि शल्यवैद्य तेवढे वगळले. तिथे आपल्यापुरती दारू गाळायची आणि प्यायची मुभा, विकायची मात्र नाही. हाच मनुची पुढे सांगतो की, बादशहाच्या मते सगळ्या हिंदुस्थानात न पिणारी माणसं दोनच होती, एक तो स्वतः आणि दुसरा मुख्य काझी अब्दुल वहाब. या दुसऱ्याविषयी बादशहाची गफलत होती, कारण काझीसाहेबांकडे रोज दारूची बाटली गुपचूप जायची आणि ती पाठवणारा स्वतः मनुचीच होता. मनुची तिखटमीठ लावण्यात पटाईत, हे खरं. पण परक्यांसाठी वेगळी वस्ती, त्या वस्तीपुरती सूट आणि वर बसलेल्यांसाठी मागचं दार, ही व्यवस्था तीनशे वर्षांनंतरही फारशी बदललेली नाही.

आता सौदी अरेबिया. तिथली बंदी पहिल्यापासून होतीच, पण मुसलमानेतर परदेशी लोकांच्या पिण्याकडे 1951 पर्यंत दुर्लक्ष केलं जाई. त्या वर्षी 16 नोव्हेंबरला जेद्द्यात ब्रिटिश उपवाणिज्यदूत सिरिल उसमान यांच्या घरी मेजवानी होती. पाहुण्यांत राजे अब्दुल अजीज यांचा एक तरुण मुलगा होता, राजपुत्र मिशारी. त्याला आणखी दारू द्यायला यजमानांनी नकार दिला. राजपुत्र संतापला, बंदूक घेऊन आला आणि त्यानं उसमान यांना गोळी घातली. राजानं मुलाला कैदेत टाकलं, मृताच्या कुटुंबाला भरपाई दिली, आणि 1952 मध्ये परदेशी लोकांसह सगळ्यांसाठी दारू बंद केली. गोळी झाडली राजपुत्रानं आणि शिक्षा भोगली पुढच्या पिढ्यांच्या परदेशी नोकरदारांनी. तेलाच्या पैशानं देश उभा राहत असताना लाखोंनी आलेले अभियंते, वाहनचालक, वेल्डर, गवंडी, परिचारिका, सगळे त्या एका रात्रीतून निघालेल्या निर्णयाखाली आले.

बहात्तर वर्षांनी, जानेवारी 2024 मध्ये, रियाधच्या राजदूतांच्या वस्तीत दारूचं एक दुकान उघडल्याची बातमी आली. सुरुवातीला गिऱ्हाईक एकच: मुसलमान नसलेले परदेशी राजनैतिक अधिकारी. मोबाइलवरच्या ‘डिप्लो’ नावाच्या ॲपवर नोंदणी करायची, आत जाताना फोन पिशवीत बंद करायचा, आणि महिन्याला 240 गुणांच्या आत खरेदी करायची. कडक दारूच्या लिटरला 6 गुण, वाइनला 3, बिअरला 1. आपल्याकडे वर्तमानपत्रांनी ‘सौदीत दारू सुरू’ असे मथळे दिले. प्रत्यक्षात रियाधच्या कॅम्पात राहणाऱ्या मराठी सुताराच्या किंवा चालकाच्या आयुष्यात त्या दुकानानं काडीचाही फरक पडला नाही. त्याच्या खिशातला इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, त्या दारात चालत नाही. पूर्वी न्यायाधीश या गुन्ह्याला फटक्यांची शिक्षा देत. 2020 मध्ये ती बहुतेक प्रकरणांत बंद झाली आणि तिच्या जागी दंड किंवा तुरुंग आला. परदेशी माणसाला त्यापुढे मायदेशी रवानगी ठरलेली. कर्ज काढून गेलेल्याला हीच शिक्षा सर्वांत जड. भरती एजंटानं कायद्यानं 30,000 रुपये आणि त्यावरचा कर एवढंच सेवाशुल्क घ्यायचं असतं. प्रत्यक्षात किती घेतात ते ज्यानं मोजलेत त्याला विचारा. माणूस परत येतो, कर्ज सावकाराच्या वहीत तसंच राहतं.

कुवेतमध्ये तर परवान्याची भानगडच नाही. 1964 पासून आयात आणि विक्री बंद, आणि 1980 च्या दशकात पिणंही बंद झालं. कुवेत एअरवेजच्या आणि सौदियाच्या विमानातही दारू मिळत नाही. बहारीनमध्ये हॉटेलांत आणि ठरावीक दुकानांत ती उघड मिळते. सौदीला बहारीनशी जोडणारा 25 किलोमीटरचा समुद्रावरचा पूल 1986 मध्ये खुला झाला. तेव्हापासून आठवड्याच्या सुट्टीला त्या पुलावर गाड्यांची रांग लागते, आणि रांगेतले सगळेच नातेवाइकांना भेटायला निघालेले नसतात. ओमानमध्ये मुसलमान नसलेल्या रहिवाशाला पोलिसांकडून परवाना काढून घरी दारू नेता येते.

कतारचा नमुना जरा थांबून पाहण्यासारखा आहे, कारण तिथे कायद्याचा खरा चेहरा दिसतो. दारू आयात करणारी आणि रहिवाशांना विकणारी कंपनी एकच, कतार डिस्ट्रिब्युशन कंपनी. तिची मालकी सरकारी विमान कंपनीकडे. दुकानात शिरायला परवाना लागतो. परवान्याला लागतो रहिवासाचा कागद आणि मालकाचं पत्र, ज्यात हुद्दा आणि पगार लिहिलेला असतो. पगार ठरावीक रकमेच्या वर हवा, अनामत भरायला हवी, आणि महिन्याला किती खरेदी करायची ती मर्यादाही पगार पाहून ठरते. अर्ज करणारा मुसलमान नसावा हे वेगळं सांगायला नको. म्हणजे दोहामध्ये एकाच इमारतीच्या कामावर असलेल्या दोन माणसांपैकी पुण्याचा अभियंता कायदेशीर पिऊ शकतो, आणि मराठवाड्यातला सळया बांधणारा नाही. दोघांचा धर्म एक, देश एक, राज्यही एक. फरक पगारपत्रकाचा.

2022 च्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेत हेच साऱ्या जगानं पाहिलं. स्पर्धा सुरू व्हायला दोन दिवस असताना, 18 नोव्हेंबरला, मैदानांच्या आवारात बिअर विकायला बंदी जाहीर झाली. प्रायोजक बडवायझरची बिअर गोदामात पडून राहिली. साध्या प्रेक्षकाला बिनअल्कोहोलची बिअर मिळाली. वरच्या महागड्या कक्षांत मात्र खरी दारू चालू राहिली. याला कुणी धर्मभावनेचा आदर म्हणो, मला तरी तो दराचा फलक वाटतो.

संयुक्त अरब अमिरातीत सात अमिराती आणि त्यांच्या सात तऱ्हा. नोव्हेंबर 2020 मधल्या सुधारणांनी 21 वर्षांवरच्या माणसानं परवान्याशिवाय पिणं हा संघराज्याच्या पातळीवर गुन्हा उरला नाही. दुबईनं 1 जानेवारी 2023 ला दारूवरचा 30 टक्के कर आणि परवान्याची फी काढून टाकली, आणि 2025 उजाडताच कर पुन्हा लावला. पर्यटक खेचायचे असले की सूट, तिजोरी आठवली की कर. निजामाच्या आबकारी खात्याला यात काही नवल वाटलं नसतं. पण दुबईला खेटूनच शारजा आहे, आणि तिथे 1980 च्या दशकाच्या मध्यापासून संपूर्ण दारूबंदी आहे. हॉटेलात नाही, दुकानात नाही, घरी नाही. आता दुबईत काम करणारे हजारो लोक राहतात कुठे? शारजात, कारण भाडं कमी. दुबईच्या दुकानातून रीतसर पावती घेऊन निघालेली बाटली संध्याकाळच्या बसमध्ये हद्द ओलांडते आणि तीच बाटली गुन्ह्याचा मुद्देमाल होते. यवतमाळात घेतलेली बाटली दारूबंदीच्या वर्ध्यात नेणाऱ्याची जी गत, तीच याची. फरक इतकाच की वर्ध्याहून कुणाला मायदेशी धाडत नाहीत.

आणि आपल्याकडचं? महाराष्ट्रात आजही लागू आहे तो 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा. त्याचं नाव पुढे महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम झालं, पण पाया बंदीचाच राहिला. मोरारजी देसाईंच्या काळात पूर्ण बंदी आली, नंतर ती ढिली झाली, आणि 1973 मध्ये देशी दारूसाठी रीतसर नियम झाले. मराठवाडा 1956 मध्ये मुंबई राज्यात आला आणि यथावकाश या कायद्याखालीही आला. कायद्याच्या नजरेत पिणाऱ्याला परवाना लागतोच. विदेशी दारूसाठी एक दिवसाचा 5 रुपयांत, वर्षाचा 100 रुपयांत, आयुष्यभराचा 1,000 रुपयांत. सोनपेठ-परळी रस्त्यावरच काय, महाराष्ट्रातल्या कुठल्याही परमिट रूममध्ये बसलेल्या किती जणांच्या खिशात हा कागद असतो, ते न विचारलेलं बरं. कडक दारूसाठी वय 25 पूर्ण हवं, म्हणजे दुबईपेक्षा चार वर्षं जास्त. तेव्हा ‘तिकडचे कायदे विचित्र’ म्हणताना जरा जपून.

एका बाबतीत मात्र आपला कायदा खरोखर वेगळा आहे. गावातलं किंवा वॉर्डातलं दारूचं दुकान बंद करायचं असेल तर बाया मतदान मागू शकतात. उभी बाटली की आडवी बाटली, चिन्हावर शिक्का मारायचा. 2008 च्या आदेशाप्रमाणे एकूण स्त्री मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीला कौल दिला की दुकानाला कुलूप. निम्म्या म्हणजे आलेल्यांपैकी नव्हे, यादीतल्या एकूण बायांपैकी; ऊसतोडीला गेलेल्याही त्यात मोजल्या जातात. अट अवघड आहे, तरी राज्यात कितीतरी गावांनी ती पार केली. आखातात बंदी लागते किंवा उठते ती राजवाड्यातून. ज्या बाईचा नवरा पितो तिला कुणी विचारत नाही.

आता मूळ धोक्याकडे येऊ. जिथे कायदेशीर बाटली मिळत नाही तिथे बेकायदा मिळते. सौदीत हातभट्टीच्या दारूला परदेशी लोक ‘सिद्दीकी’ म्हणतात. साखर, पाणी, यीस्ट आणि भट्टी. साखर कारखान्यांच्या पट्ट्यात वाढलेल्या सोनपेठकराला ही क्रिया समजावून सांगायला नको. मळीपासून काय होतं आणि काळ्या गुळात नवसागर घालून काय शिजवतात ते इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. अरामको तेल कंपनीत गेलेल्या अमेरिकनांमध्ये तर सुरक्षित गाळणी कशी करावी हे सांगणारी ‘ब्लू फ्लेम’ नावाची पुस्तिका हातोहात फिरायची. शिकलेला, बंदिस्त वसाहतीत राहणारा माणूस आपली दारू आपण करायचा, तिचा पहिला भाग फेकून द्यायचा, तपासून प्यायचा. मजुरांच्या कॅम्पात येते ती पाण्याच्या प्लास्टिक बाटलीत, कुणी भरली ते न कळता.

मरण बहुधा भट्टीतून येत नाही. साखर आंबवली की तयार होतं ते मुख्यतः इथेनॉल, म्हणजे नेहमीची दारू. मिथेनॉल त्यात नगण्य असतं. ते येतं कारखान्यातून. रंग, पॉलिश, रसायनं यांसाठी वापरलं जाणारं हे स्वस्त द्रव्य चवीला आणि वासाला दारूसारखंच लागतं, म्हणून नफ्यासाठी मिसळलं जातं. जून 2015 मध्ये मुंबईच्या मालवणीत शंभरावर माणसं याच मिसळीनं मेली. ऑगस्ट 2025 मध्ये कुवेतमध्ये तेच झालं. तिथल्या सरकारनं 160 जणांना विषबाधा झाल्याचं आणि 23 मेल्याचं जाहीर केलं. बाधितांत बहुतेक आशियाई कामगार होते, त्यांत भारतीयही. 51 जणांना तातडीनं डायलिसिस करावं लागलं, 31 जणांना व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं, काहींची दृष्टी गेली.

दृष्टी का जाते? मिथेनॉल मुळात फारसं विषारी नाही. यकृत त्याचं आधी फॉर्मल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल करतं. तेच आम्ल, जे मुंगी चावल्यावर झोंबतं. हे आम्ल पेशींचा श्वास रोखतं, आणि डोळ्याच्या मागची नस त्याला सर्वांत आधी बळी पडते. साधारण 10 मिलिलिटर, म्हणजे चहाचे दोन चमचे शुद्ध मिथेनॉल माणसाला आंधळं करू शकतं आणि 30 मिलिलिटरच्या आसपास जीव घेऊ शकतं. फसवणूक अशी की पहिले बारा ते चोवीस तास फारसं काही होत नाही. माणूस नेहमीसारखा चढल्यागत वागतो, झोपतो, सकाळी डोकं धरून उठतो. सोबतचे म्हणतात, काल जास्त झाली. मग ओकाऱ्या, पोटात कळा, धाप, आणि डोळ्यांपुढे पांढरं धुकं.

उपाय आहे आणि तो साधा आहे. यकृतातलं जे विकर मिथेनॉलवर काम करतं, तेच इथेनॉलवरही करतं आणि इथेनॉलला आधी हात घालतं. म्हणून दवाखान्यात फोमेपिझोल नावाचं औषध किंवा ते नसेल तर मोजून शुद्ध इथेनॉल देतात, विकर गुंतून राहतं, आणि तेवढ्यात डायलिसिसनं मिथेनॉल रक्तातून काढून टाकतात. दारूचं विष दारूनंच उतरवायचं, पण डॉक्टरच्या हातानं. खोलीतल्या खोलीत ‘अजून एक घे, उतरेल’ म्हणून नव्हे.

सामानाविषयी दोन शब्द, कारण माणूस स्वतः निर्व्यसनी असला तरी बॅगेपायी अडकतो. आईनं दिवाळीत दिलेल्या अनारशांवर खसखस थापलेली असते, काळ्या मसाल्यातही ती असते. सौदी आणि अमिरातीत खसखस अफूच्या झाडाची म्हणून बंदी घातलेल्या पदार्थांत मोडते. आखाती विमानतळावर मराठी पोराचं सामान उघडलं गेलं, तर बाटलीपेक्षा असे डबेच जास्त धोक्याचे. अनारसे न्यायचे तर साखरेवर थापून न्या. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आणि ट्रामाडोलसारख्या वेदनाशामक गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय नेऊ नयेत, आणि चिठ्ठी असली तरी त्या देशाची आगाऊ परवानगी लागते का ते पाहावं. विमानात फुकट मिळते म्हणून पिऊन उतरणं हाही त्या देशाच्या जमिनीवर गुन्हा ठरू शकतो. रमजानमध्ये तर प्रश्न दारूचा उरतच नाही. कुवेतमध्ये 1968 च्या कायद्यानं दिवसा चारचौघांत पाणी प्यायलं तरी 100 दिनारांपर्यंत दंड किंवा महिनाभर कैद होऊ शकते, धर्म कोणताही असो.

सामानानंतर कागदांचं. दहावी न झालेल्या माणसाचा पासपोर्ट साधारणपणे ‘ईसीआर’ प्रकारचा असतो आणि आखातासह 18 देशांत नोकरीला जाताना त्याला सरकारची परवानगी लागते. त्यासोबत प्रवासी भारतीय विमा योजनेचा 10 लाखांचा विमाही काढावा लागतो, जो अपघाती मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वाला लागू होतो. त्याचा कागद घरी बायकोकडे किंवा आईकडे ठेवून जा. तो तिकडच्या पेटीत असून उपयोग नाही. आणि कॅम्पातल्या सोबत्यांसाठी एकच विनंती आहे. आदल्या दिवशी प्यायलेला गडी डोळ्यांपुढे धुकं दिसतंय म्हणाला, तर पोलिसांच्या भीतीनं त्याला पांघरूण घालून झोपवू नका. रुग्णवाहिका बोलवा, डॉक्टरला नेमकं काय प्यायलं ते खरं सांगा, भारतीय दूतावासाचा नंबर आधीच फोनमध्ये ठेवा. परत पाठवलेल्या माणसाचं कर्ज आज ना उद्या फिटतं.